सल्फेट-फ्री शाम्पू परत पातळ झाला? मिठाची पिशवी आधी लांब ठेवा

उन्हाळा लागला की हा फोन येतोच. "सर, परत पाणी झालं." पाणी म्हणजे सल्फेट-फ्री शाम्पूची शंभर किलोची बॅच. काल संध्याकाळी काकवीसारखी होती, आज बाटल्या भरताना नळातून धो धो वाहतेय. मागची बॅच छान झाली होती, त्याआधीची बिघडली होती. फॉर्म्युला तोच, टाकी तीच, माणसंही तीच. पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "मीठ वाढवून बघितलं, तर अजून पातळ झालं."

एका छोट्या युनिटमध्ये हे तीन वेळा घडलं, तेव्हा मी दोन दिवस तिथेच ठाण मांडलं. युनिट एका ताईंचं, आणि टाकीवर एक मामा. मामांनी आयुष्यभर एसएलईएसचा, म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट या नेहमीच्या सल्फेटचा शाम्पू केलेला. शेवटी मीठ टाकायचं, वल्हं फिरवायचं, त्यावरून शाम्पू कसा ओघळतो ते बघायचं आणि हात थांबवायचा. घट्टपणा मोजणाऱ्या व्हिस्कोमीटरशिवाय त्यांचा अंदाज बरोबर यायचा. म्हणून मामांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या हाताला जुन्या मालाची सवय होती आणि टाकीत नवा माल होता, एवढंच.

मीठ नेमकं करतं काय

एसएलईएसचे रेणू पाण्यात गोळा होऊन बारीक गोळ्या करतात. साबुदाणा समजा. प्रत्येक दाण्यावर बाहेरून ऋण भार असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना ढकलत राहतात आणि दाणा गोलच राहतो. मीठ पडलं की सोडियम ही ढकलाढकल शांत करतो, रेणू दाटीने बसतात आणि साबुदाण्याच्या शेवया होतात. शेवयांचा गुंता झाला की शाम्पू दाट. मात्र मीठ वाढतच गेलं, तर एका टप्प्यानंतर तो गुंता सैल पडतो आणि माल पुन्हा पातळ होतो. म्हणजे मिठाचा आलेख डोंगरासारखा असतो: चढ, माथा, उतार. एसएलईएसचा डोंगर पसरट असल्याने मूठभर इकडेतिकडे झालं तरी तो सांभाळून घेतो.

सल्फेट-फ्री मालात सल्फेटऐवजी दुसरे सर्फॅक्टंट, म्हणजे फेस आणि सफाई करणारे घटक असतात, आणि त्यांचा डोंगर एक तर नसतो, नाहीतर सुळक्यासारखा असतो. डेसिल ग्लुकोसाइडवर भारच नाही, तिथे मिठाने शांत काय करायचं? ग्लुटामेटचं डोकं मोठं आणि भारही जास्त, त्यामुळे रेणू दाटीने बसायला तयार नसतात. सार्कोसिनेट आणि बीटेन मिळून दाट होतात, पण पीएचच्या अगदी अरुंद पट्ट्यात. ओलेफिन सल्फोनेट तेवढं मिठाला बऱ्यापैकी दाद देतं, पण ते केसातलं तेल जवळपास सल्फेटइतकंच ओरबाडून काढतं. मग सल्फेट सोडून मिळवलं काय, असं मी विचारतो आणि समोरचा विषय बदलतो.

आधी एकच प्रश्न: पातळ कधी झाला?

टाकीतच, एका रात्रीत, की महिन्याभराने दुकानात? हे तीन वेगळे आजार आहेत. लोक तिन्हींवर एकच औषध देतात, म्हणून दुखणं परत परत येतं.

त्याच्याही आधी एक काम करा. पातळ वाटणारा माल काचेच्या बरणीत घ्या, २५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा आणि मग बघा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टाकी सहज ३८ अंशांवर असते आणि त्या तापमानाला कुठलाही शाम्पू पातळच दिसणार. घाबरून त्यात दाटपणा आणणारं काहीतरी घालायचं, आणि तीच बाटली डिसेंबरात नाशिकच्या थंडीत दाबूनही बाहेर येत नाही, ही तक्रारही मी ऐकली आहे. बॅच रेकॉर्डमध्ये घट्टपणाच्या आकड्याशेजारी तापमान, व्हिस्कोमीटरचा स्पिंडल (फिरणारा दांडा) आणि आरपीएम लिहिलेलं नसेल तर तो आकडा खोडून टाकलात तरी चालेल.

टाकीतच पातळ: ड्रममधून आलेलं मीठ

ताईंचा फॉर्म्युला साधा होता. शंभर किलोला २० किलो सीएपीबी, म्हणजे कोकामिडोप्रोपिल बीटेन, २० किलो सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट (दोन्ही ३० टक्के सक्रिय, म्हणजे बाकी पाणी वगैरे) आणि ८ किलो डेसिल ग्लुकोसाइड (५० टक्के सक्रिय). म्हणजे ६ अधिक ६ अधिक ४, एकूण १६ टक्के सक्रिय घटक. बाकी पाणी, ग्लिसरीन, प्रिझर्व्हेटिव्ह, सुगंध. शेवटी मीठ ०.४ टक्के आणि सायट्रिक ॲसिडने पीएच ५.२.

तुमच्या कागदावर मीठ ०.४ टक्के आहे, पण टाकीत तेवढंच आहे का? सीएपीबी बनवताना मोनोक्लोरोॲसिटिक ॲसिड वापरतात आणि त्यातून मीठ तयार होतं. ते वेगळं काढत नाहीत, मालातच राहतं. साधारण ५ टक्के, कधी साडेचार, कधी सहा. २० किलो सीएपीबीबरोबर ५ टक्क्यांच्या हिशोबाने १ किलो मीठ न बोलावता टाकीत येतं. ड्रम साडेचार टक्क्यांचा असला तर ९०० ग्रॅम, सहाचा असला तर १ किलो २०० ग्रॅम. दोन ड्रममध्ये ३०० ग्रॅमचा फरक, आणि आपण वरून घालतोय ४०० ग्रॅम! सुळक्यासारख्या डोंगरावर ३०० ग्रॅम म्हणजे माथ्यावरून थेट दरीत.

आम्ही ताईंच्या चांगल्या आणि बिघडलेल्या बॅचच्या कच्च्या मालाचे सीओए, म्हणजे उत्पादकाचे तपासणी दाखले काढले. बिघडलेल्या बॅचचा सीएपीबी वेगळ्या लॉटचा होता आणि त्यात मीठ जास्त होतं. माल पातळ दिसल्यावर मामांनी सवयीने आणखी मीठ घातलं, म्हणजे उतारावरून अजून खाली.

आपण डोंगराच्या कुठल्या बाजूला आहोत हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बिघडलेल्या मालाचे १०० ग्रॅमचे चार नमुने घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात ३ ग्रॅम डीएम (क्षार काढलेलं) पाणी. तिसऱ्यात ०.२ ग्रॅम मीठ, आधी थोड्या पाण्यात विरघळवून. चौथ्यात सायट्रिकच्या द्रावणाने पीएच ०.२ ने खाली. हळू ढवळा, फेस बसू द्या, २५ अंशांवर आणून शेजारी शेजारी ओता. मीठ घातलेला दाट झाला तर मीठ कमी आहे, चौथा दाट झाला तर पीएच वर आहे. पाणी घातलेला नमुना दाट झाला तर मीठ जास्त आहे. हे पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पाणी घातलं आणि दाट कसं होईल? मामांनी तो नमुना स्वतःच्या हाताने दोनदा परत करायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण नुसतं चढावरच होतो."

अशी बॅच वाचवायची असेल तर तिच्यात मिठाशिवायची नवी बॅच अर्धी-अर्धी मिसळणं सगळ्यात सोपं. मात्र प्रमाण आधी बरणीत ठरवा, टाकीत नाही.

पीएच: खरा खटका इथे आहे

सार्कोसिनेट-बीटेनच्या जोडीत मिठापेक्षा पीएच जास्त बोलतो. पीएच ६.५ असताना माल पाण्यासारखा असतो. ५.५ च्या खाली यायला लागला की बीटेनचा काही भाग धन भाराकडे झुकतो, सार्कोसिनेटशी हातमिळवणी करतो आणि बघता बघता शाम्पू दाट होतो. हाव धरून आणखी खाली, ४.८ च्याही खाली गेलात, तर सार्कोसिनेट आम्लरूपात पाण्याबाहेर यायला लागतं आणि शाम्पू गढूळ, तेलकट होतो. सुळका म्हणतो तो हाच. साधारण ५.० ते ५.३ एवढीच जागा उभं राहायला.

आता या जागेवर पीएचच्या कागदी पट्टीने पोचायचं म्हणजे बाजारातल्या तराजूवर सोनं तोलण्यासारखं. मीटर घ्या, तो ४ आणि ७ च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) त्याच दिवशी लावून घ्या, आणि शाम्पूत थेट बुडवू नका. १० टक्के द्रावण डीएम पाण्यात करून मोजा, आणि दर वेळी तसंच करा. दाट मालात इलेक्ट्रोड आळशी होतो, आकडा सरकतच राहतो, आणि आपण तो स्थिर झाला असं समजून पुढे जातो.

डेसिल ग्लुकोसाइड तर खोडकर आहे. ते ११.५ ते १२.५ पीएचला येतं, नाहीतर ड्रममध्येच नासेल. त्यामुळे सायट्रिक किती लागेल हे लॉटगणिक बदलतं. फॉर्म्युल्यात "सायट्रिक ॲसिड ०.५ टक्के" असं छापून तेवढं एकदम ओतणं चूक. पन्नास टक्क्यांचं द्रावण करा, थोडं थोडं घाला, वीस मिनिटं ढवळा, मग मोजा. घाईत पीएच फार खाली गेला आणि कॉस्टिक सोड्याने वर आणला तर पीएच सुधारतो, पण सोडियम सायट्रेट तयार होतं. तेही एक प्रकारचं मीठच. दोन-तीनदा वर-खाली केलेली बॅच मग कशालाच दाद देत नाही. ताईंच्या तिसऱ्या बॅचचं हेच झालं होतं. ती मी वाचवू शकलो नाही.

रात्रीत पातळ: सुगंध

काल दाट, आज पातळ, पीएच तोच, तापमान तेच. अशा वेळी शंभरात सत्तर वेळा (हा माझा अंदाज, कुणाचं सर्वेक्षण नाही) मी सुगंधाची बाटली मागतो. अत्तराचे रेणू शेवयांच्या आत शिरतात आणि त्यांचा आकार बदलतात. काही सुगंध माल घट्ट करतात, बरेचसे पातळ करतात. सुगंध स्वस्त करायला त्यात डायप्रोपिलीन ग्लायकॉल घातलेलं असेल तर तेही पातळ करतं. आणि सुगंध नीट विरघळावा म्हणून पॉलिसॉर्बेट-२० सढळ हाताने घातलंत, तर दाटपणाचा बोऱ्या वाजलाच. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्हही याच टोळीतलं. त्याची मर्यादा १ टक्का आहे आणि बरेच जण तिथपर्यंत जातात. मिठाने दाट केलेल्या मालात तेवढं पातळ करायला पुरतं.

म्हणून बेस वेगळा आणि सुगंध वेगळा तपासायचा. सुगंध व प्रिझर्व्हेटिव्ह घातलेला १०० ग्रॅमचा नमुना २४ तास ठेवल्याशिवाय टाकीत सुगंध ओतायचा नाही. पुरवठादाराने "तोच मोगरा आहे" म्हटलं तरी नाही.

महिन्याभराने पातळ

इथे दोन संशयित, दोन्ही गुपचूप काम करणारे.

पहिला जंतू. सोडियम बेंझोएट या प्रिझर्व्हेटिव्हचं आम्लरूपच काम करतं आणि त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं आम्लरूपात असतं तो, ४.२ आहे. पीएच ५.२ ला जेमतेम ९ टक्के बेंझोएट कामाचं असतं, ६.२ ला १ टक्का. म्हणजे पीएच एकाने चुकला की प्रिझर्व्हेटिव्ह नावापुरतं उरतं. झँथन गमने दाट केलेल्या शाम्पूत तर जंतूंना जेवणच वाढून ठेवलेलं असतं. गम खाल्ला गेला की माल पातळ होतो. वास बदलला, पीएच घसरला, बाटली किंचित फुगली, तर दाटपणाचा विचार सोडा आणि माल फेकून द्या. टाकी, नळी, फिलिंगचं नोझल उकळत्या पाण्याने धुतल्याशिवाय पुढची बॅच घेऊ नका. रात्रभर पाणी साठून राहिलेली होजपाइप हा माझा आवडता गुन्हेगार आहे.

दुसरा संशयित हायड्रोलिसिस, म्हणजे रेणू पाण्यात तुटणं. पीईजी-१५० डायस्टिअरेट हे दाट करायला छान, ७० अंशांच्या पुढे वितळवून घातलं तर गुठळ्याही होत नाहीत. पण त्यात एस्टरचे सांधे आहेत. पीएच फार खाली असेल आणि शाम्पू नागपूरच्या मे महिन्यात ट्रकमध्ये उभा असेल तर ते सांधे हळूहळू सुटतात. सल्फोसक्सिनेट आणि आयसेथिओनेट हे सर्फॅक्टंटही याच जातीचे. सल्फोसक्सिनेट ५.५ ते ७ च्या आत सुखी असतं, म्हणून सार्कोसिनेटच्या ५.२ वाल्या फॉर्म्युल्यात ते घुसवू नका. आयसेथिओनेट थंडीत पुन्हा स्फटिक होऊन पांढरं पडतं. ते बिघडणं नाही, पण गिऱ्हाईक तसं मानत नाही.

हे पकडायला ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये महिनाभर नमुने ठेवा आणि दर आठवड्याला पीएच आणि घट्टपणा लिहा. ओव्हन नाही? जुना फ्रिज, आत बल्ब आणि थर्मोस्टॅट. मी अनेक वर्षं त्यावरच काढली.

जाता जाता दोन गोष्टी. शाम्पूत पांढरे धागे दिसले तर झँथनच्या जोडीला पॉलिक्वाटेर्नियम किंवा धन भाराचा ग्वार (दोन्ही केस मऊ करणारे, धन भाराचे घटक) घातला आहे का ते बघा, झँथनचं त्यांच्याशी पटत नाही. आणि शाम्पू गढूळ झाला तर बोअरचं पाणी. कॅल्शियमने सार्कोसिनेट आणि ग्लुटामेट साक्यासारखे खाली बसतात. डीएम पाणी आणि कॅल्शियम पकडून ठेवणारं ०.१ टक्का डायसोडियम ईडीटीए, विषय संपला.

ड्रम घेताना

बिघाडाची निम्मी कारणं टाकीत नव्हे, खरेदीच्या टेबलावर तयार होतात. महाराष्ट्रात हा कच्चा माल मिळत नाही असं नाही. तारापूर आणि तळोजा इथे सर्फॅक्टंटचे मोठे कारखाने आहेत. पण महिन्याला दोन ड्रम घेणाऱ्याला कारखाना दारात उभं करत नाही, मग आपण व्यापाऱ्याकडे जातो. व्यापारी वाईट नसतो, पण मोठ्या ड्रममधून निळ्या कार्बॉयमध्ये (प्लास्टिकच्या कॅनमध्ये) ओतलेल्या मालावर मूळ लॉट नंबर राहत नाही. ज्या कार्बॉयवर उत्पादकाचा लॉट नंबर आणि त्याच लॉटचा सीओए नाही, तो मी आत घेत नाही. "मागच्या महिन्याचाच सीओए लावा, माल तोच आहे" असं म्हणणाऱ्याकडे तर पुन्हा जात नाही.

सीओएवर "३५ टक्के" लिहिलेलं असेल तर ते घन पदार्थ की सक्रिय घटक हे विचारा. सीएपीबीत घन ३५ टक्के असले तरी मीठ वगैरे वजा जाता सक्रिय ३० च्या आसपासच उरतं. भावही सक्रिय किलोवर काढा. समजा एक माल ९० रुपये किलो आणि सक्रिय ३० टक्के, तर सक्रिय किलो ३०० रुपयांना पडला. दुसरा ८० रुपये किलो पण २५ टक्के, तर ३२० रुपयांना. स्वस्त कोण? ताईंनी हा हिशोब माझ्यासमोर मोबाइलवर केला आणि लगेच व्यापाऱ्याला फोन लावला. ते संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही.

सीएपीबीच्या सीओएवर मिठाचा आकडा, पीएच आणि फ्री ॲमाइन या तीन ओळी हव्यातच. नीट न बनवलेल्या बीटेनमध्ये अमिडोॲमाइन आणि डीएमएपीए हे अर्धवट राहिलेले कच्चे घटक उरतात, आणि खाज येण्याच्या तक्रारींत बोट त्यांच्याकडेच जातं. सौम्य म्हणून विकायचा शाम्पू आणि डोक्याला खाज, याहून वाईट जाहिरात नाही.

आणखी एक फसगत. "नारळापासून, नैसर्गिक, सल्फेट-फ्री" म्हणून सोडियम कोको सल्फेट विकायला येतं. नाव मोठ्याने वाचा. शेवटचा शब्द सल्फेट आहे. उलट ओलेफिन सल्फोनेटच्या सीओएवर थोडं सोडियम सल्फेट दिसलं म्हणून एका गिऱ्हाइकाने माल परत पाठवला होता. ते साधं क्षार आहे, केस धुणारं सल्फेट नाही. आणि इथॉक्सिलेशन प्रक्रियेत मागे राहणाऱ्या १,४-डायऑक्सेन या घातक अशुद्धीच्या भीतीने एसएलईएस सोडलं असेल, तर पीईजी-१५० डायस्टिअरेटही इथॉक्सिलेशननेच बनतं हे विसरू नका. निर्यात करणाऱ्यांना हे महागात पडू शकतं. न्यूयॉर्क राज्यात शाम्पूसारख्या मालात २०२३ अखेरपासून १ पीपीएमची (दहा लाखांत एक भाग) मर्यादा आहे. पुरवठादाराकडे डायऑक्सेनचा रिपोर्ट मागा.

ताईंकडे आता मिठाची उघडी पिशवी नसते. मामा आधी सीओएवरून सीएपीबीतलं मीठ मोजतात, मग एकूण १.४ टक्के होईल एवढंच वरून घालण्यासाठी पुड्या बांधून ठेवतात. नवा लॉट आला की ५०० ग्रॅमची छोटी बॅच आधी, टाकी नंतर. प्रत्येक ड्रममधली १०० ग्रॅमची बाटली लॉट नंबर टाकून फळीवर ठेवलेली असते. यंदाच्या मे महिन्यात एकच फोन आला, तोही मोगऱ्याचा. मोगरा अजूनही घट्टपणा जवळजवळ निम्म्यावर आणतो, आणि ताई मोगरा सोडायला तयार नाहीत, कारण खपतो तोच. म्हणून मोगऱ्याचा बेस आम्ही ५.२ ऐवजी ५.०५ वर थांबवतो आणि सुगंध घातल्यावर दुसऱ्या दिवशीच भरतो.